पाट्यांमधली दोन बोटांची फट

पोलादपुरात महाबळेश्वरचा रस्ता जिथे घाटाकडे वळतो, तिथे सकाळी साडेसहाला उभं राहावं. महाडकडून सिमेंट, सळई, पत्रे, पशुखाद्य भरलेल्या पिकअप एकामागून एक येतात, चहापुरत्या थांबतात आणि चढणीला लागतात. अशा थांबलेल्या गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवं बसून आत नजर टाकावी. दोन चाकांना जोडणाऱ्या लोखंडी हौसिंगवर पोलादी पट्ट्यांची चवड बांधलेली दिसते. हे पाटे. त्या मुख्य पाट्यांच्या डोक्यावर आणखी एक आखूड, जवळजवळ सपाट चवड असते, तिला हेल्पर पाटा म्हणतात. गाडी रिकामी असली की हेल्परची टोकं चासीच्या ठोकळ्यांपासून सुटी राहतात आणि मधे फट दिसते. माल चढत जातो तसे मुख्य पाटे दबतात, फट मिटत येते, आणि एका वजनाला हेल्परची टोकं ठोकळ्यांना टेकतात. तिथून पुढचं ओझं दोन्ही चवडी मिळून उचलतात.

महाडच्या एका म्हाताऱ्या पाटेवाल्या मिस्त्रींनी मला हे पहिल्यांदा दाखवलं. म्हणाले, "काका, हौद्यात काय भरलंय ते सोडा. फट बघा. रिकाम्या गाडीत दोन बोटं गेली पाहिजेत, भरल्या गाडीत एकही जाऊ नये. आणि पाटा उलटा वाकलेला दिसला, तर त्या गाडीच्या मागे आपली गाडी ठेवायची नाही." त्यानंतर घाटात जाताना माझी नजर आपोआप पुढच्या गाडीच्या पोटाखाली जाते.

गेल्या काही वर्षांत महाड-पोलादपूर भागात या गाड्या नुसत्या वाढल्या नाहीत, त्या वजनदारही झाल्या. पूर्वी एक टन, सव्वा टन म्हटलं की मोठी पिकअप वाटे. आता १.७ टन आणि २ टन 'पासिंग'च्या गाड्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोचल्या आहेत. टाटांची योद्धा २.० ही २ टनी गाडी २०२२ च्या सप्टेंबरात आली, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये महिंद्राने बोलेरो मॅक्स पिकअपची एचडी मालिका आणली, तिच्यातही २ टनांचं मॉडेल आहे. ही अवजड पिकअप म्हणजे नेमकं काय, ती इथेच इतकी का लागते आणि तिच्यावर लिहिलेला आकडा कसा वाचायचा, हे आमच्याकडे दर दिवाळी-पाडव्याला कुणी ना कुणी विचारतं. विचारणारा बहुतेक वेळा पंचवीस-तिशीतला, कर्जाच्या कागदावर सही करायच्या बेतात असलेला मुलगा असतो. त्याच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

महाड हे मुळातच माल उतरवून पुन्हा चढवायचं गाव. सावित्रीच्या खाडीतून दासगाव-महाडपर्यंत गलबतं यायची, आणि तिथून मीठ, सुकी मासळी, नारळ बैलांच्या पाठीवर वरंध्याने किंवा पार घाटाने देशावर चढायचे. घाटाचं गणित तेव्हाही हेच होतं: खाली कितीही माल असो, वर जाईल तो एका जनावराच्या पाठीला झेपेल तेवढाच. मग रस्ते झाले, ट्रक आले. पण ट्रक हमरस्त्याचा. हमरस्त्यापासून वाडीपर्यंतचे शेवटचे पाच-सात किलोमीटर कायम अडचणीचेच राहिले.

त्या शेवटच्या पाच किलोमीटरसाठी महाराष्ट्रात बऱ्याच गाड्या झाल्या. १९५८ साली बजाज टेम्पोने तीनचाकी बाजारात आणली. तिच्या नावामुळे आजही आपण कुठल्याही कंपनीच्या छोट्या मालगाडीला टेम्पोच म्हणतो. मुळात ते एका जर्मन कारखान्याचं नाव. १९८६ साली पुण्यातून टाटा ४०७ निघाली. ती दणकट, पण मागे जोडचाकं, अंगाने रुंद, वाडीच्या वळणाला अवघड. २००५ साली टाटा एस आली आणि लोकांनी तिचं नाव छोटा हत्ती ठेवलं. दोन सिलिंडरचं, ७०० सीसीच्या आसपासचं डिझेल इंजिन, ताकद सोळा अश्वशक्ती, माल पाऊण टन. महाड शहरात, बिरवाडीच्या बाजारात, सपाटीला तिने हजारो घरं उभी केली. पण पाऊण टन भरून आंबेनळी, म्हणजे हाच पोलादपूर-महाबळेश्वर घाट, चढायची म्हणजे तिची आणि चालवणाऱ्याची, दोघांचीही कसोटी. ४०७ आणि छोटा हत्ती यांच्यामधली जागा पिकअपने घेतली.

ही जागा नेमकी केवढी, ते रस्त्याच्या रुंदीवरून कळतं. पंतप्रधान ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली. तिच्यातल्या रस्त्याची डांबरी पट्टी साधारण पावणेचार मीटरची, कमी वाहतुकीच्या ठिकाणी तीनच मीटरची. मोठा ट्रक अंगाने अडीच मीटरच्या आसपास. तो एकटा कसाबसा जातो, पण समोरून दुसरा आला की कुणीतरी मागे घ्यायचं. पिकअप साधारण १.७ मीटर रुंद. दोन पिकअप आरसे मिटून पावणेचार मीटरवर एकमेकींना घासून का होईना निघतात. साकवाच्या जागी बांधलेल्या छोट्या मोऱ्यांवरूनही ती जाते. म्हणजे रस्त्याने तिची रुंदी ठरवून टाकली आहे. रुंदी वाढवता येत नाही, आणि माल तर वाढलाय. मग वाढवायची एकच गोष्ट उरते: तेवढ्याच रुंदीत जास्त वजन पेलायची ताकद.

माल का वाढला, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. मुंबई-सुरतेतले चाकरमानी गावाकडे पक्की घरं बांधतायत. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं चाललं. महाडची एमआयडीसी आहे. आणि २०२१ चा जुलै आहे. २१-२२ जुलैला महाड पाण्याखाली गेलं, तळियेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत माणसं गेली. पाणी ओसरल्यावर आधी मदतीचं धान्य, पाणी, चटया घेऊन ज्या गाड्या गल्लीबोळात शिरल्या त्या पिकअपच होत्या. पुढची दोन-तीन वर्षं सिमेंट, पत्रे, फर्निचर, दुकानांचा नवा माल त्याच गाड्यांनी आणला. घर पुन्हा उभं करायला किती फेऱ्या लागतात, ते तेव्हा कळलं.

कारखान्याच्या बाजूने पाहिलं तर अवजड पिकअप ही वेगळी गाडी नसून एकाच गाडीचं थोरलं भावंड आहे. खाली शिडीसारखी चासी: दोन लांब पोलादी दांडे आणि मधे आडव्या पट्ट्या. त्यावर तेच केबिन, तेच इंजिन. वजन पेलायची क्षमता वाढवायची तर पाट्यांची जाडी किंवा संख्या, मागचं हौसिंग, टायर, ब्रेक आणि हौद्याची लांबी बदलते. १.७ टनी गाडीचा हौदा साधारण नऊ फुटांचा, २ टनीच्या लांब मॉडेलचा दहा फुटांचा. सगळी भावंडं अशी एका साच्यातली असल्यामुळे मागणी एका वजनातून दुसऱ्या वजनाकडे वळली तर कारखान्याला सगळं नव्याने उभारावं लागत नाही. देशात २०२४-२५ साली साडेनऊ लाखांच्या आसपास व्यावसायिक वाहनं विकली गेली, त्यातली निम्म्याहून जास्त हलक्या गटातली. साडेतीन टनांखालच्या मालगाड्यांत निम्म्याहून थोडा जास्त वाटा एकट्या महिंद्राचा. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. कराआधी ८ लाखांची गाडी पूर्वी १० लाख २४ हजारांना पडायची, ती ९ लाख ४४ हजारांवर आली. ८० हजारांचा फरक म्हणजे १.३ टनी घ्यायला निघालेला माणूस १.७ टनीकडे वळतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता आकडा वाचू. आरसी बुकात दोन वजनं असतात. एक गाडीचं स्वतःचं, दुसरं मालासकट एकूण. या गटातल्या पुष्कळ गाड्यांचं एकूण वजन ३,४९० किलोच्या आसपास असतं. त्यातून गाडीचे सतराशे-अठराशे किलो वजा केले की १.७ टन उरतात. ड्रायव्हर, हमाल, ताडपत्री, जॅक आणि गावातल्या फॅब्रिकेटरकडून बसवून घेतलेलं हौद्यावरचं लोखंडी कठडं, हे सगळं त्याच १.७ टनातून खर्च होतं. कठड्याचे दीड-दोनशे किलो कुणी मोजतच नाही. म्हणजे सिमेंटच्या चार पोत्यांची जागा गाडी भरण्याआधीच गेली.

सिमेंटचा हिशेब सोपा. पोतं ५० किलोचं, १.३ टनात २६ पोती, १.७ टनात ३४, २ टनात ४०. चूक होते ती वाळू-खडीत, कारण ती ब्रासमध्ये मोजतात आणि गाडी किलोत. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. कोरडी वाळू साधारण साडेचार टन भरते, म्हणजे अर्धा ब्रास सव्वादोन टन. आता नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद हौदा घ्या. त्यात वाळू फूटभर पसरली की ४९-५० घनफूट होतात, अर्धा ब्रास झाला. हौदा अजून निम्मासुद्धा भरलेला दिसत नाही, आणि २ टनी गाडीचीही मर्यादा ओलांडलेली असते. ओली वाळू असेल तर आणखी जड. डोळ्याला गाडी रिकामी वाटते आणि पाट्यातली फट केव्हाच मिटून पाटा उलटा वाकायला लागलेला असतो. पेंढ्याचं नेमकं उलट. तिथे वजन होण्याआधी उंची होते, आणि गाडी वळणावर झुलते.

वजन कुठे ठेवलं, यालाही तितकंच महत्त्व. जड माल केबिनच्या पाठीला टेकवून पुढे ठेवायचा. मागच्या चाकाच्या मागे, फाळक्याकडे ढीग केला तर तो तरफेसारखा पुढची चाकं उचलतो. चढणीला वजन आणखी मागे सरकतं. स्टिअरिंग अचानक हलकं लागायला लागलं की समजावं, पुढच्या चाकांवर भार उरला नाही.

चढणीचं काम इंजिनचं. जाहिरातीत अश्वशक्ती मोठ्या अक्षरांत असते, पण घाटात कामाला येतो तो टॉर्क, आपल्या भाषेत गाडीची ओढ. अडीच लिटरचं डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवरच २०० न्यूटन-मीटरच्या आसपास ओढ देतं. पहिला गियर आणि मागचं डिफरन्शियल मिळून ती पंधरा-वीस पटीने वाढवून चाकांपर्यंत पोचवतात. त्यामुळे भरली गाडी ६ टक्क्यांच्या चढाला, म्हणजे शंभर मीटरला सहा मीटर उंचीला, ताशी तीस किलोमीटरने आरामात जाते. त्यासाठी २१-२२ किलोवॅट पुरतात, हे गणित कुणालाही करता येईल. छोट्या हत्तीची सगळी ताकद बारा किलोवॅट होती, म्हणून तो मागे पडायचा.

पण गाडी चढते की नाही यापेक्षा ती उतरते कशी, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. महाबळेश्वर ते पोलादपूर चाळीस किलोमीटरमध्ये सुमारे साडेबाराशे मीटर उतरायचंय. ३,४९० किलोची गाडी तेवढी खाली आली की तिच्यातून सुमारे १२ युनिट विजेइतकी ऊर्जा मोकळी होते. घरातली मोठी इस्त्री सलग आठ तास चालू ठेवली तर जेवढी उष्णता निघेल, तेवढी. त्यातली जवळपास निम्मी टायर आणि वारा खातात. उरलेली निम्मी कुठेतरी जिरायला हवी. तासाभरात, चार चाकांच्या ब्रेकमध्ये किंवा इंजिनमध्ये. ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवून उतरला तर सगळी ब्रेकमध्ये जाते. मागचे ड्रम तापून फुगतात, त्यांच्यापर्यंत पोचायला ब्रेक शूला जास्त अंतर जावं लागतं, ब्रेक ऑइल उकळायला लागतं, पायडल खाली जातं. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं आणि ओल शिरली की ते लवकर उकळतं. आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे, म्हणून ऑइल दोन वर्षांनी बदलायचं म्हणजे बदलायचंच, दिसायला कितीही स्वच्छ असो. जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा: ज्या गियरने चढलात, त्याच गियरने उतरा. इंजिनला गाडी धरू द्या, ब्रेक थोडा थोडा मारा आणि सोडा. विजेच्या गाडीत उतारावरची हीच ऊर्जा काही प्रमाणात बॅटरीत परत जाते. टाटांची एस ईव्ही २०२२ पासून आहे. २ टनी विजेची पिकअप आंबेनळी उतरताना चार्ज होताना बघायची मला फार उत्सुकता आहे.

आता एक गोष्ट, जी सांगण्यासाठी खरं तर हा लेख लिहायला बसलो. नवी गाडी आली की पहिल्या महिन्यातच कुणीतरी सल्ला देतं, "मागे दोन पाटे वाढवून घे, मग कितीही भर." पाटे वाढवले की गाडी दबत नाही, उंच दिसते, पाट्यातली फट पुन्हा उघडते. चालवणाऱ्याला वाटतं, क्षमता वाढली. पण हौसिंग, बेअरिंग, टायर, ब्रेक तेच राहिले. आणि अनेक पिकअपमध्ये मागच्या हौसिंगपासून चासीपर्यंत एक दांडी गेलेली असते, ती एका वाल्वला जोडलेली असते. माल चढला की चासी खाली बसते, दांडी सरकते, आणि वाल्व मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी असली की दाब कमी करतो, म्हणजे हलकी मागची चाकं जाम होऊन गाडी फिरणार नाही. पाटे वाढवल्यावर चासी खाली बसतच नाही. वाल्वला वाटतं, गाडी रिकामी आहे. दोन-अडीच टन माल पाठीवर आणि मागचे ब्रेक रिकाम्या गाडीच्या दाबाने लागतायत! जास्त माल भरण्यासाठी केलेल्या कामानेच ब्रेक कमी होतात, आणि ते सपाटीला कळत नाही, थेट घाटात कळतं. म्हणून हात जोडून सांगतो, पाटे वाढवू नका. कमी पडत असेल तर पुढच्या वजनाची गाडी घ्या, नाहीतर एक फेरी जास्त करा.

तसंच हौद्यात माणसं बसवण्याचं. लग्नाची वरात असो, यात्रा असो, आवणीची बायामाणसं असोत, एसटी नसते म्हणून लोक चढतात. उभी माणसं म्हणजे हौद्याच्या तळापासून मीटरभर उंचावर असलेलं, वळणागणिक एका बाजूला झुकणारं वजन. सिमेंटची पोती तळाशी गप्प बसतात, माणसं बसत नाहीत. कायद्याने मनाई आहेच. पण कायदा नसता तरी मी माझ्या घरातलं माणूस हौद्यात चढू दिलं नसतं.

कायद्यातले तीन आकडे लक्षात ठेवावेत. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही. बरीच मॉडेलं त्या रेषेच्या किंचित आत बसवलेली असतात ती त्यामुळेच. १.७ आणि २ टनी गाड्या रेषेपलीकडे जातात, त्यांना परमिट घ्यावं लागतं. दुसरा, ७,५०० किलो: तेवढ्या वजनापर्यंतची मालगाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केलं. तिसरा, जादा मालाचा दंड: २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. एका फेरीचं भाडं त्यापुढे काहीच नाही. फिटनेस पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी.

पैशांचं बोलायचं तर हप्ता वर्षावर मोजू नका, पावसावर मोजा. समजा ९ लाखांचं कर्ज, ११ टक्के, पाच वर्षं. हप्ता साडेएकोणीस हजारांच्या वर बसतो, वर्षाचे जवळपास २ लाख ३५ हजार. पण आमच्याकडे पावसाळ्यात वरंधा घाट बंद होतो. २०२१ च्या जुलैत आंबेनळी खचला. बांधकामं थांबतात. खरी कमाई आठ महिन्यांची. त्या आठ महिन्यांवर तोच हप्ता महिन्याला २९ हजारांच्या पुढे जातो. इन्शुरन्स, टायर, डिझेल वेगळंच. हा २९ हजारांचा आकडा सुटत असेल तर मोठी गाडी घ्यावी, नसेल तर एक वर्ष जुनी १.३ टनी चालवून गिऱ्हाईक बांधावं.

आणि पहिली खेप भरली की गाडी थेट घाटाला न लावता भुईकाट्यावर न्यावी. आधी रिकामी, टाकी भरून, कठडं लावून, ड्रायव्हर बसून वजन घ्यावं. मग भरून घ्यावं. प्रत्येक वजनाला मागे जाऊन उकिडवं बसावं आणि पाट्यातली फट बोटांनी मोजावी. किती वजनाला हेल्पर टेकतो, ते काट्याच्या चिठ्ठीमागे लिहून ती सनशेडमध्ये खोचून ठेवावी. माझ्या भाच्याने तसं केलंय. त्याच्या गाडीचा हेल्पर अकराशे किलोला टेकतो. आता रात्री, पावसात, काटा नसलेल्या ठिकाणी माल भरतानाही तो बॅटरी घेऊन आधी चाकाशी बसतो.